दाराकडे चाललेली माणसं

माझे वडील धसईच्या एका शाळेत शिपाई होते. धसई मुरबाड तालुक्यात आणि आमचं गाव शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या वरच्या अंगाला. अंतर काही फार नाही, पण मधे डोंगर आणि एसटीची मर्जी. म्हणून बाबा तिकडेच खोली करून राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की घरी यायचे. असं त्यांनी नोकरी संपेपर्यंत केलं. आणि हा माणूस एकदाचा कायमचा घरी यायला निघाला, तेव्हा शाळेनं त्याला निरोपाला काय द्यावं? शाल, नारळ आणि लढाईला निघालेल्या माणसांचं चित्र.

मला अजून त्याचं हसू येतं. सगळा दोष तिथल्या चित्रकलेच्या मास्तरांचा. बाकीचे म्हणत होते गणपती द्या, देवाला कुणी नावं ठेवत नाही. मास्तर हट्टाला पेटले की देव सगळेच देतात, आपण काहीतरी बघण्यासारखं देऊ. कुठल्यातरी जुन्या रेखाचित्राची ती छापील प्रत होती, काचेच्या जड फ्रेममध्ये बसवलेली. रंग नाहीत, नुसत्या तपकिरी रेघा. डाव्या टोकाला एक घर, घराच्या दारात ताट घेऊन ओवाळणारी बाई, आणि तिच्यासमोरून उजवीकडे चाललेली माणसं. एक घोड्यावर, पाच-सहा पायी, हातात ढाली-तलवारी, एकाच्या तोंडाला शिंग. सगळ्यात मागे एक अनवाणी माणूस, डोक्यावर गाठोडं घेतलेला. खाली इंग्रजीत बारीक दोन ओळी होत्या म्हणे, पण फ्रेमवाल्यानं मापात बसवताना त्या कापून टाकल्या. त्यामुळे ही मंडळी कोण आणि कुणाशी लढायला निघाली, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

बाबांना त्याची गरजही वाटली नाही. पाहुणा आला की चहा यायच्या आत ते त्याला चित्रापुढे उभा करायचे आणि त्या शेवटच्या अनवाणी माणसावर बोट ठेवायचे. "हा बगा. ह्याच्याकडं तलवार नाय का काय नाय. ह्याच्या डोक्यावर भाकऱ्या हायत. हा नसला तर फुडची सगळी उपाशी लढतील." जन्मभर घंटा वाजवलेल्या आणि मास्तरांना पाणी नेऊन दिलेल्या माणसाला चित्रात तोच दिसणार, यात नवल नाही. कुणी विचारलंच की लढाई कुठली, तर म्हणायचे, "माहुलीची." आमच्याकडे सगळ्या लढाया माहुलीच्याच असतात. किल्ला जवळ आहे, उगाच लांब कशाला जायचं?

आईचं चित्राशी वेगळंच नातं होतं. दसऱ्याला आमच्याकडे कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ असं सगळं धुऊन ओळीनं मांडतात आणि त्याला हळद-कुंकू लावतात. चित्र आलं त्या वर्षी आई कुंकवाचा करंडा घेऊन त्याच्यासमोरही उभी राहिली. हत्यार म्हणजे हत्यार, मग ते कागदावरचं का असेना. तिनं काचेवरून एकेका तलवारीच्या मुठीवर बोट टेकवलं, आणि बाईच्या ताटावरही. पुढे दर दसऱ्याला ते होत राहिलं. वर्षभर काच पुसायची नाही असा तिचा दंडक होता, त्यामुळे दिवाळीच्या साफसफाईत सगळं घर चकचकीत व्हायचं आणि लढाईला निघालेले मात्र तसेच लालभडक.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. त्याच वर्षी मधला भाऊ बायकोपोरांना घेऊन कल्याणला राहायला गेला. मी लग्न होऊन शहापुरात होतेच. घरात उरले दोघं, आई आणि धाकटा भाऊ. आणि मग कुठल्याशा लग्नात माझ्या मामीनं आईच्या कानात भरवलं की चालणाऱ्या माणसांचं नाहीतर धावणाऱ्या घोड्यांचं चित्र लावायचं असेल तर त्यांची तोंडं घराच्या आत पाहिजेत. दाराकडे असली की घरातलं माणूस टिकत नाही.

आईनं घरी येऊन चित्र बघितलं. घरात शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर ते टांगलेलं, आणि चित्रातली सगळी पलटण सरळ दाराकडे चाललेली.

त्या दिवसापासून चित्राचं नशीब फिरलं. बाबांना न्यूमोनिया झाला तो चित्रामुळे. मधल्याची बायको कल्याणला हटून बसली ती चित्रामुळे. मांजर गेलं तेही चित्रामुळे. मी एकदा म्हटलं, "आये, मग काढून टाक ना." तर कानाला हात लावून म्हणाली, "बाबांचा हाय तो. काढू कशी?" एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण मागच्या कार्तिकात धाकट्याला चाकणच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं.

धाकटा पंचविशीचा. शहापूरला आयटीआय केलेला, हाताला चांगला. त्याच्या मागच्या वर्षी त्याला भिवंडीकडच्या एका गोदामात काम लागलं होतं, तर निघायच्या आदल्या दिवशी आईला ताप भरला. खरा ताप होता, मी स्वतः थर्मामीटर लावला होता. चार दिवसांनी ताप उतरला तेव्हा ती जागा भरून गेली होती. धाकटा काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही, तोच त्याचा दोष. आईनं तोंडानं "जा" म्हटल्याशिवाय तो उंबरा ओलांडणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त आईला. चाकणला सोमवारी सकाळी हजर व्हायचं होतं. नाहीतर हीही गेली.

मला राग येत होता, आणि तो नुसता धाकट्यासाठी नव्हता. तेही सांगून टाकते. मी बारावी झाले तेव्हा ठाण्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगला माझा नंबर लागला होता. पत्र आलं ते बुधवारी, बाबा धसईला. आई म्हणाली, बाबा आल्याबिगर ठरवायचा नाय. बाबा नेहमीसारखे शनिवारी आले. हजर व्हायची मुदत शुक्रवारपर्यंत होती आणि आईला ती ठाऊक होती, कारण पत्र मीच तिला वाचून दाखवलं होतं. बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, फुडच्या वर्षी बगू. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. आता मी शहापुरातल्या एका दवाखान्यात केसपेपर लिहिते. माझ्या निम्म्या वयाच्या पोरी पांढऱ्या कपड्यांत समोरून जातात, मला मावशी म्हणतात. संसार चांगला आहे, नवरा भला आहे, पण ते पत्र मी विसरलेले नाही. आईशी त्याबद्दल कधी एक शब्दही बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि माझ्या भांडणाला शेवट नसतो.

म्हणून शुक्रवारी आईनं फोनवर अट घातली तेव्हा मी ती झटक्यात मान्य केली. "चित्र फिरवून आण. माणसा घरात येताना दिसू देत. मंग तो जाईल." बस्स? एवढंच? एका कागदानं पोराची नोकरी वाचणार असेल तर मी घोड्यालासुद्धा आत वळवायला तयार होते.

मी आधी सोपं सुचवून बघितलं. समोरच्या भिंतीवर टांगलं की झालं, माणसं आपोआप आतल्या बाजूला चालायला लागतील. पण समोरची भिंत कुडाची, कारवीवर शेणमाती लिंपलेली. तिला खिळा ठोकला की ढेकूळ हातात येतं. त्या फ्रेमचं वजन तिनं पेललं नसतं. मग धाकट्यानं शुक्रवारी संध्याकाळी चित्र गोणपाटात गुंडाळून मोटारसायकलवरून शहापूरला आणून दिलं, आणि शनिवारी सकाळी दवाखान्यातून सुट्टी काढून मी बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे गेले.

"फिरवायचं म्हणजे?" तो म्हणाला. "उलटं टांगायचं?"

"उलटं नाही हो. हे असे जातायत ते असे यायला पाहिजेत."

त्यानं माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, आणि त्याला उमगलं. "मिरर मारू ना ताई. स्कॅन करतो, कम्प्युटरवर पलटी करतो, सेम साइज प्रिंट. दोन तासांत नेता." मग काचेवर बोट फिरवून म्हणाला, "हा लाल डाग कसला? साफ करू?" मी म्हटलं करा. तेवढंच एक पाप मी त्या दिवशी कळून-सवरून केलं.

दोन तासांनी चित्र तयार झालं. झकास दिसत होतं. घर उजव्या बाजूला, माणसं डावीकडे चाललेली, म्हणजे आमच्या भिंतीवर ती दाराकडे पाठ करून आत येणार. मला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की मी वाटेत भजी घेतली. दुपारच्या एसटीनं डोळखांबला उतरले, तिथून धाकट्याच्या गाडीवर घरी. त्यानं खिळ्याला फ्रेम अडकवली. आई ओले हात पदराला पुसत आली आणि चित्रासमोर उभी राहिली.

तिनं जवळ जाऊन एकेक माणूस निरखला. मग म्हणाली, "गो, ही समदी डावरी कशी झाली?"

मी नीट बघितलं. सगळ्यांच्या तलवारी डाव्या हातात, ढाली उजव्या हातात. घोडेस्वाराचा भालासुद्धा डाव्या हातात. मला दुकानात दिसलं नाही, फ्रेमवाल्याला दिसलं नाही, धाकट्याला दिसलं नाही. पण बारा दसरे जिनं एकेका मुठीवर बोट टेकवलं, तिला कसं दिसणार नाही? तिचं बोट काचेवरून हत्यारं मोजत गेलं आणि दारातल्या बाईपाशी थांबलं.

"आनि ही डाव्या हातानं ववाळते," आई म्हणाली. "डाव्या हातानं कोन ववाळतं गो? आनि घरात येणारा घराकडं पाठ करतो का? घर माग ऱ्हायला त्यांचा. ती आपल्या घरात नाय येत, त्यांच्या घरातनं चाल्लीत."

हे तर खरंच होतं. चित्र कितीही पलटलं तरी चित्रातलं घर पाठीमागेच राहत होतं. माणसं निघालेली ती निघालेलीच. मी चिडले. उन्हातान्हात दोन गाड्या बदलून केलेला खटाटोप, आणि वर ही शब्दात पकडते. "मग आता काय करू?" मी ओरडलेच. "चित्र काढणाऱ्याला वरून बोलावू? तुला त्याला पाठवायचं नाही, तर नाही म्हण! उगाच चित्राच्या माथी का मारतेस?"

धाकटा म्हणाला, "ताई, ऱ्हाऊ दे." आणि पान्याची पिशवी आणायला आत गेला.

आम्ही फ्रेम खाली घेऊन पडवीत बसलो. फ्रेमवाल्यांची एक रीत मला माहीत होती, जुना कागद ते सहसा फेकत नाहीत, नव्याच्या मागे आधाराला ठेवतात. धाकट्यानं मागचे बारीक खिळे अलगद उपटले, पुठ्ठा काढला, आणि खरंच जुनी मंडळी तिथे होती, नव्या मंडळींच्या पाठीला पाठ लावून. त्यानं त्यांना पुढे घेतलं. दिवे लागायची वेळ झाली होती. आई तुळशीपाशी दिवा ठेवून आली आणि आमच्याजवळ खाली टेकली. तिनं नवा कागद उचलला, तो डावरा, आणि मांडीवर घेऊन त्याच्यावरून हात फिरवायला लागली.

"चित्राला काय बोलायचा," ती एकदम म्हणाली. माझ्याकडे न बघता. "तुला आडवली तवा कुटं व्हता चित्र?"

धाकट्याचा हात थांबला. तो तेव्हा पाच वर्षांचा होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. वीस वर्षं मी हे भांडण मनात घोळवत होते, माझी बाजू तयार होती, तिची बाजूही मीच तयार केली होती. आणि ती भांडलीच नाही.

"त्या पत्रावरचा वार मला कळत व्हता," आई म्हणाली. "तुजं बाबा पाच दिस तिकडं. तू गेली असतीस तर मी नि ही दोन पोरं. मला भ्या वाटला. येवढाच." मग तिनं कागदाची सुरळी केली आणि उठून आत गेली. मला तिचा रागही येईना, आणि राग येत नाही म्हणून फार चुकल्यासारखं वाटत राहिलं.

धाकट्यानं चित्र पुन्हा टांगलं. माणसं पुन्हा दाराकडे. आईनं भात वाढला, भजी गरम करून दिली. पण "जा" काही ती म्हणाली नाही. आणि झाकपाक करताना माझ्या लक्षात आलं की दह्याचं भांडं पालथं आहे.

आमच्या घरात कामाला बाहेरगावी निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. ते खाल्लं, कपाळाला कुंकू लागलं, की निघायला मोकळा. बाबांना दर सोमवारी पहाटे आईनं दही दिलेलं मी बघितलं आहे. कधी चुकलं नाही. मधला कल्याणला गेला तेव्हा दोघं एकमेकांशी बोलत नव्हती, तरी दही मिळालं. मुलगी सासरी निघाली तर तिची ओटी भरतात, दही नाही. दही कामाला जाणाऱ्याचं. आणि जी बाई रोज न चुकता दूध विरजते, तिनं आज दूध विरजलं नव्हतं. दिवे लागल्यावर आमच्याकडे कुणी दही-दूध घराबाहेर देत नाही, त्यामुळे मागायलाही वाव नव्हता. मला सगळं कळलं. कबुली दिली खरी, पण सोडायला ती तयार नव्हती. मी धाकट्याला काही सांगितलं नाही.

सकाळी तो आंघोळ करून, बॅग भरून ओट्यावर बसला. सरळगाववरून मुरबाडला जाणारी जीप साडेसातला आमच्या वळणावर येते. मुरबाडहून माळशेज घाटातून जाणारी एसटी पकडली की दुपारपर्यंत चाकण. सव्वासात झाले. आई घरात नव्हती. मागच्या दारी नव्हती, खळ्यावर नव्हती. भाताच्या झोडणीचा पेंढा तसाच पडलेला. धाकटा बुटाची नाडी सोडायला लागला.

"सोडू नकोस," मी म्हटलं.

"ताई, ती ग्येली शेतावर. तिला नाय पटत. ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे काय ऱ्हाऊ दे? तू जा. मी सांगते तिला."

"तिनं सांगाया पायजे," तो म्हणाला. त्याला इतक्या ठामपणे बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि त्यानं डाव्या पायातला बूट काढला.

जीपचा हॉर्न वाजला, तेव्हा आई वरच्या आळीकडून उतरताना दिसली. भरभर चालत होती, हातात वाटी, वाटीवर पळसाचं पान. वरच्या आळीत म्हशी एकाच घरी आहेत, आणि त्या घराशी आमचा बांधावरून अबोला आहे. बाबा असल्यापासूनचा. बाबांच्या दहाव्यालासुद्धा ती माणसं आमच्याकडे आली नव्हती, आणि आई त्यांच्या ओट्यावर कधी चढली नव्हती. ती आज चढली होती, वाटी घेऊन.

ती धापा टाकत आली. पहिलं काय बोलली असेल तर, "बूट घाल." मग आत जाऊन करंडा आणला. धाकट्याच्या कपाळाला कुंकू लावलं. पान बाजूला करून त्याच्या तळहातावर दही घातलं. त्यानं ते खाल्लं, वाकला, तिच्या पायांना हात लावला. "जा," ती म्हणाली. "टाइमावर जेव. जा." तिचा आवाज चांगला होता. मी तिच्याकडेच बघत होते, कुठे फुटतो का म्हणून. नाही फुटला.

जीपवाला खाली उतरून वर बॅग बांधत होता. धाकटा मागे बसला. मीही निघायच्या तयारीत होते, किन्हवलीपर्यंत त्याच जीपनं जाऊन पुढे शहापूरची गाडी धरायची होती. आईनं माझी ओटी भरायला तांदूळ काढले असतील म्हणून मी पदर पुढे केला.

"हात कर," ती म्हणाली.

"मला कशाला? मी घरी चालले, सासरी."

"हात कर गो." तिनं वाटीतलं उरलेलं दही बोटानं निपटून काढलं. "तुजा ऱ्हायला व्हता."

मी हात पुढे केला. अडतिसाव्या वर्षी, जीपवाल्यासमोर, वरच्या आळीतल्या बायका बघत असताना, ते दही मी खाल्लं आणि घळाघळा रडले.